मार्जुनआजीचा फेर

मार्जुनचा आवाज गावातल्या मेंढ्यासुद्धा ओळखायच्या. फेरो बेटांवरच्या नाचाला ना ढोल ना पेटी; एकानं कडवं सांगायचं, बाकीच्यांनी हात धरून ध्रुवपद म्हणायचं आणि ठेका लाकडी जमिनीवर पायांनीच द्यायचा. मासळीच्या कारखान्यात राबणारी मार्जुन फेरात राणी असे. ती कडवं विसरलीय असं कधी घडलं नव्हतं, आणि हे ती सगळ्यांना ऐकवायची.

सात वर्षांची नात रानवा तिचा हात धरून नाचे. एका उन्हाळ्यात पोरीचं पाऊल अचूक, पण ध्रुवपद भलत्याच जागी!

"तंद्री कुठं लागलीय तुझी?" मार्जुन डाफरली. पोरगी नुसती हसली.

"ठेका बघ, एकदम पक्का. कानाला काय धाड भरलीय?" शेजारचा हानुस म्हणाला. "लाडावून ठेवलीयस!"

सगळ्यांना ते पटलं. घरी मात्र मार्जुननं तिला पाठीमागून हाक मारली, "रानवा, केक खाणार?" केक म्हणजे पोरीचा जीव की प्राण, पण ती वळलीच नाही. मार्जुनच्या लक्षात आलं. पोरगी ठेका तळपायांनी ऐकत होती!

डॉक्टरांना कानाच्या पडद्यामागे रक्त दिसलं, अंगावर निळे डागही दिसले. डाग मेंढ्यांमागे धडपडल्याचे, असं घरच्यांना वाटलं होतं. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला.

"लवकर आणलीत. बरी होईल," डॉक्टर म्हणाले. "कानांचं मात्र आत्ता सांगता येत नाही."

उपचारांसाठी तिला कोपनहेगनला नेलं; तिथल्या इस्पितळात मार्जुननं नर्सबायांनाही फेरात ओढलं.

"ए आजी, हळू! नळी निघेल माझी!"

"निघू दे, डॉक्टर लावतील. त्यांना तरी दुसरं काम काय!"

दोन वर्षांनी उपचार संपले. कान सुधारलेत, असं यंत्र सांगत होतं. पण मार्जुनचा यंत्रावर कुठला विश्वास बसायला! त्या उन्हाळ्यात तिनं फेर गवतावर धरायला लावला.

"अगं, इथं पाऊल वाजत नाही," हानुस कुरकुरला.

"म्हणूनच!"

तिनं कडवं सांगितलं. शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच रानवानं खणखणीत ध्रुवपद उचललं, अगदी जागच्या जागी. मार्जुनला इतका आनंद झाला की ती पुढचं कडवं साफ विसरली. फेर थबकला.

"आजी, विसरलीस ना?" रानवा खिदळली आणि पुढचं कडवं स्वतःच म्हणू लागली.