धाकट्या जावेचा कब्जा

एखादी जागा आपली आहे हे सिद्ध करता करता लोकांचा जन्म कोर्टात जातो. माझ्या धाकट्या जावेला त्यासाठी एक सतरंजी पुरते. ती बसली की जागा तिची. दिराचं ऑपरेशन झालं तेव्हा सकाळी ही दवाखान्यात पेशंटची बायको म्हणून शिरली आणि दुपारी शेजारच्या खाटेवरची गुजराती बाई हिलाच विचारत होती, "बेन, बारी उघाडुं?" आता खिडकी उघडायची परवानगी देणारी ही कोण? लग्नाकार्याला आम्ही दोघी पाहुण्या म्हणून जातो. मी अहेराचं पाकीट धरून खुर्ची शोधत असते, तोवर आचारी हिला भाजीत मीठ बरोबर आहे का ते चाखायला बोलावतो. एकाच घरात दिलेल्या सुना आम्ही! शिक्षण माझं जास्त, पोळ्या माझ्या मऊ, हे सासूबाईसुद्धा कबूल करतात. पण राहतात तिच्याकडे. माझा नवरा हजीऱ्याच्या कारखान्यातली ड्यूटी संपली की "आईला बघून येतो" म्हणून जातो आणि तिच्या हातची शेवभाजी ओरपून येतो. माझी लेक जगाशी गुजराती बोलते, माझ्याशी हिंदी, आणि काकूशी मात्र अहिराणी! माझा जळफळाट होणार नाही तर काय होईल?

सासरे खानदेशातून सुरतेला गिरणीत कामाला आले आणि तिथेच भेस्तान भागात त्यांनी एक प्लॉट घेतला. पुढे दोन खोल्या, मागे मोकळी जागा. जाताना तोंडी सांगून गेले, खोल्या धाकट्याला, मागची जागा थोरल्याला. म्हणजे आम्हाला. मी लग्नापासून भाड्याच्या घरात. भिंतीत खिळा मारायचा तरी घरमालकाचं तोंड बघायचं. त्या मागच्या जागेवर आपल्या दोन खोल्या बांधायच्या, ही एकच हौस उरात धरून बसले होते. आणि त्याच जागेवर ही बाई दर उन्हाळ्यात बिबडे घालायची! बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. खाटांवर ओली धोतरं अंथरलेली, सगळी गल्ली थापायला बसलेली, मध्ये ही, आणि हसण्याचा असा कल्लोळ की रस्त्यावरची माणसं डोकावून जायची.

शेवटी मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "असं किती वर्षं चालू देणार? ताबा सोडू नका. तुमचंही काहीतरी ठेवा तिथे." मी आमची जुनी लोखंडी खाट नेऊन ठेवली. पुढच्या रविवारी पाहते तर खाटेवर गोधडी, गोधडीवर शेजारच्या गुजराती आजी, म्हणजे बा, बांच्या हातात चहा. मग मी हद्द म्हणून चार मोठे दगड पुरून घेतले, वर चुना फासला. पुन्हा गेले तर त्यातले तीन उपटून हिने चूल मांडलेली आणि वर बिबड्यांचा घाटा, म्हणजे ज्वारीचं शिजवलेलं पीठ, रटरटतोय! मला बघून काय खूश झाली म्हणता. "दगड भारी आनात ताई तुम्ही! पातेलं जराबी हालस नही."

"अगं, ती हद्द आहे आमची!"

"तुम्हनं-आम्हनं काय शे ताई!" म्हणाली आणि घाट्याची गरम वाटी माझ्या हातात ठेवली, वर कच्च्या तेलाची धार. मेला तो घाटा इतका झकास झाला होता की वाटी संपेपर्यंत भांडताच येईना. संपल्यावर मी बांना विचारलं, "बा, ही जागा कोणाची?" बा म्हणाल्या, "आ तो नानी वहुनी ज छे ने!" धाकट्या सुनेचीच ना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वकिलांकडे गेले आणि नोटीस धाडायला लावली.

नोटीस इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मीच. त्यामुळे ती कागद घेऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. "ताई, हाई काय उनं, दखा बरं."

काय करणार? वाचली. माझीच नोटीस मीच तिला मराठीत समजावून सांगितली.

"अतिक्रमण म्हणजे काय वं ताई?"

"दुसऱ्याच्या जागेत न विचारता घुसणं."

"कोन घुसनी?"

"तू."

मी पदर खोचून तयार होते, चार तिखट वाक्यं तोंडाशी आलेली. ती एवढंच म्हणाली, "मंग तोंडघाई सांगतात ना, ताई." आणि गेली. तोंडी सांगितलं असतं तरी पुरे होतं म्हणे! दुसऱ्या दिवशी मागची जागा लख्ख रिकामी. खाटा नाहीत, पातेलं नाही, राख झाडून काढलेली. दगड आपापल्या खड्ड्यांत परत, आणि काजळी दिसू नये म्हणून वर ताजा चुना! भांडली असती तर मला बरं वाटलं असतं हो. एवढं सरळ वागून माणसाला छळायचं म्हणजे काय!

जागा आमची होती, आजही छातीठोकपणे सांगते. खोल्या झाल्या, मध्ये भिंत आली, गल्लीच्या बाजूला फाटक आलं. आता मी मनाला येईल तिथे खिळे मारते. आणि ती? तिचे बिबडे आता बांच्या ओट्यावर, समोरच्यांच्या गच्चीवर, जिथे ऊन तिथे वाळतात. अख्खी गल्ली बळकावली बयेने! दुपारभर भिंतीपलीकडून तो कल्लोळ ऐकू येतो आणि मी टीव्हीचा आवाज वाढवते.

परवा बेल वाजली. दारात ती, हातात झाकलेली ताटली. चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या पलीकडेच उभी.

"ताई, येऊ का मधमा?"

ही बाई आणि विचारून आत येणार! "ये की, विचारतेस काय!" म्हटलं, पण तोवर उशीर झाला होता. आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली. घर छान झालं म्हणाली. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाली. मागे अंगणात ऊन नुसतं रखरखत होतं, एक चिंधीसुद्धा वाळत नव्हती तिथे. तिला म्हणणार होते, अगं, आण तुझ्या खाटा इकडे. ती उठली, ताटली सावकाश द्या म्हणाली. मी खिडकीतून बघत होते. बाहेर पडल्यावर तिने फाटकाची कडी लावली, आणि नीट लागली ना, म्हणून एकदा हलवून पाहिली.