बावीस नंबरचं दार आणि ओट्यावरची आई

गंगापूर रोडवर कुणाचा सर्व्हर बंद पडला, तर पहिलं नाव माझंच निघतं. शेवटचा हात माझाच लागलेला असतो ना.

दहावीला मी दोनदा बसलो आन दोनदा तिथंच बसून राहिलो. हरसूलहून नाशिकला आलो तो वायरी ओढायला. वायर ओढता ओढता मशीनपर्यंत पोचलो, एवढंच माझं शिक्षण. थोडं काय कळायला लागलं की नवीन व्हर्जन येतं, आन मी परत बालवाडीत. लय दमायला होतं.

आमचं ऑफिस म्हणजे मॅडम, मी आन सर्व्हर. द्राक्षाची कुठली पेटी कुठल्या बागेतली, त्याची नोंद आम्ही सांभाळतो. एक मोठा एक्स्पोर्टवाला काम द्यायला तयार झाला, पण त्याची अट होती. बाहेरून लॉगिन करायचं दार, म्हणजे पोर्ट, बावीस नंबरचं नको. तो नंबर सगळ्या चोरांना पाठ. त्याचा माणूस संध्याकाळी तपासणार होता.

मॅडम म्हणाल्या, "हे काम गेलं तर ऑफिस बंद करावं लागेल. मग तुम्हीही घरी."

मी लॉगिनच्या सेटिंगची फाइल उघडली, बावीस खोडून नवीन नंबर टाकला, लॉगिनची सर्व्हिस, म्हणजे आलेल्याला आत घेणारा प्रोग्राम, रिस्टार्ट केली. मशीन एक शब्द बोललं नाय. कुणी काय बोललं नाय म्हणजे आपण पास, असं मी धरतो. शाळेतपण असंच धरायचो. "झालं मॅडम," म्हणलं आन जेवायला घरी गेलो. एकदा तपासून बघावं असं मनात आलं होतं, पण त्याच्याआधी भूक आली.

जेवून आडवा झालो. बायकोला सांगितलं, "कुणी आलं तर मी घरी नाय म्हण."

डोळा लागतोय तोवर ओट्यावरून आवाज आला, "हाय ना! झोपलाय. थांब बाई, उठवते."

ही माझी आई. दिवसभर ओट्यावर बसून असते. येणाऱ्याला ती आधी भेटते, बायकोपर्यंत कुणी पोचतच नाय.

दारात मॅडम. "फोन का उचलत नाही? बावीस उघडंच आहे. मी आत्ता लॉगिन करून पाहिलं."

"तुमच्या मशीननं साठवलेलं जुनंच दिसत असंल मॅडम. कॅश वगैरे."

"कॅश वगैरे गाडीवर बोलू. बसा मागे."

ऑफिसात जाऊन फाइल बघितली. नंबर बरोबर. परत रिस्टार्ट. बावीस उघडं. आपला नंबरच पनवती असंल म्हणून दुसरा टाकला. बावीस उघडं. मग अख्खं मशीनच बंद करून चालू केलं, तर पॅकिंगवाल्या ताईंचा फोन, "ओ भाऊ, आमच्या पेट्या कुठं गायब केल्या?" मशीन उठलं ते बावीस घेऊनच उठलं. मी खुर्चीला पाठ टेकली. वाटलं, सोडून द्यावी ही नोकरी. मग आठवलं, संध्याकाळी ती आपोआपच सुटणार हाय.

मॅडमनी कीबोर्ड ओढून घेतला. कुठलं दार कोण धरून बसलंय ते मशीनला विचारलं. "हे बघा. बावीसवर तुमची सर्व्हिस नाहीच. सॉकेट बसलंय."

"ते कोण?"

"नवीन व्हर्जन तुम्हीच टाकलंत ना? त्यात सर्व्हिस झोपलेली असते. दारावर सॉकेट बसतं. कुणी आलं की ते तिला उठवतं. नंबर त्याच्या फाइलीत बदलायचा. तुम्ही मगापासून झोपलेल्याच्या कानात सांगताय."

"म्हणजे आमची आई!" मी म्हणलं. सांगायचं होतं ओट्यावर, मी सांगत बसलो आत.

मग सॉकेटच्या फाइलीत नवीन नंबर टाकला. तर आता नवीनपण उघडं आन बावीसपण. एक दार बंद करायला बसलो आन दोन उघडी करून ठेवली.

"आधी नंबराची जागा कोरी ठेवून एक ओळ लिहा," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे जुना नंबर पुसला जातो. मग खाली नवा."

अख्खे पेपर कोरे सोडलेला माणूस मी. जिथं कोरं सोडायचं होतं तिथंच नाय सुचलं.

संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला. "बावीस बंद आहे. काम तुमचं." मॅडमनी चहा मागवला. मी कप उचलला, पण तोंड गप बसंना. "शेवटी केलंच ना मॅडम आपण?"

मॅडमनी स्क्रीनवरून मान वर केली नाय. "ती सर्व्हिस बरी. कुणी दारात आलं की उठून कामाला तरी लागते. तुम्हाला उठवलं तरी काम मलाच करावं लागतं."