घ्या, पण पेन लावू नका

गुरुवार, कंपनीची साप्ताहिक सुट्टी. जागा: चाकण, समाजमंदिराचा हॉल. हजर: मी (प्रेस शॉपची लाइन लीडर), पुनावळ्याच्या मंदाताई, बीडकडची लता आणि माझ्या वर्गातल्या बाकीच्या बायका; माझ्याखेरीज सगळ्या कंत्राटी हेल्पर. टेबलाशी संस्थेचे सर आणि त्यांचा फोटोवाला. वर्गाला मोफत पुस्तकं याच संस्थेनं दिली होती.

सरांच्या हातात माझे कागद होते. दोन बोटांत धरलेले, ओलं फडकं धरावं तसे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

मी केलं होतं ते एवढंच. हेल्परला ऑपरेटर व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी मी सुट्टीच्या दिवशी करून घेते. पुस्तकातल्या सुरक्षेच्या धड्यात शर्ट-पँटमधला पुरुष आणि पायानं चालणारी, पत्रा कापायची प्रेस. आमची प्रेस दोन हातांनी दोन बटणं दाबली की चालते, आणि चालवणाऱ्या बायका. म्हणून धडा आमच्या बोलीत, आमच्या मशीनचा लिहिला. ओढणी काढून ठेवा. मंगळसूत्र कॉलरच्या आत टाका. टार्गेटच्या घाईत एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवू नका, बोटं जातात. झेरॉक्स काढून वाटला. लता पहिल्यांदाच न अडखळता वाचत होती.

"लिहिलंय चांगलं," सर म्हणाले. "प्रश्न तो नाही. पुस्तक आमचं आहे. फुकट मिळतंय ना? मग आहे तसं वापरा. पेढा दिला तर त्यात मीठ घालाल का?"

फोटोवाला हसला.

मंदाताई म्हणाल्या, "सर, ह्यातली मशीन आमच्याकडं न्हाईच. मग आमी करायचं काय?"

"पाठ करायचं."

मग कागद गोळा झाले. लतानं आपले डब्याच्या पिशवीत घातले होते. सरांनी हात पुढे केला. "ताई, तेही." तिनं दिले. खाली मान घालून.

"आता पुस्तकं छातीशी धरा. फोटो आहे. हसा."

माझ्या आईला गावात पाणी वरून ओतत. ती ओंजळ धरून खाली बसायची. पाणी फुकटच होतं. घागरीला हात लावायचा नव्हता.

त्या हॉलमध्ये पुस्तक छातीशी धरून उभी असताना मला ती ओंजळ कळली. फुकट देणारा किंमत माफ करतो, हक्क स्वतःकडे ठेवतो. उतरवून घ्यायचं नाही, बदलायचं नाही, शेजारणीला द्यायचं नाही. फक्त घ्यायचं आणि आभार मानायचे.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"तुमचं पुस्तक, सर. फोटोत मी नाही."

"मग पुढची पुस्तकं येणार नाहीत."

"नका पाठवू."

मंदाताईंनी आपलं पुस्तक माझ्या पुस्तकावर ठेवलं. "व्हय. हेबी घ्या."

लतानं ठेवलं नाही. तिची परीक्षा तोंडावर आलीय. ती फोटोत उभी राहिली. हसली नाही. मी तिला काही बोलले नाही, बोलणारही नाही.

पुढच्या गुरुवारी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. संस्थेचं एकही वाक्य घेतलं नाही, एकही चित्र घेतलं नाही. पहिल्या पानावर आमची अट लिहिली: कुणीही छापा, बदला, आपल्या बोलीत करा, पुढे द्या. लिहिणारणींची नावं ठेवा. तुम्ही जे बदलाल, तेही असंच मोकळं ठेवा. उद्या भोसरीच्या एखाद्या बाईला आमचा धडा चुकीचा वाटला, तर तिनं तो खोडावा. मला विचारायला येऊ नये.

धडे लिहून झालेत. प्रेसचं चित्र राहिलंय. फोटो काढावा तर कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, आणि आमच्यात चित्र कुणालाच काढता येत नाही. पान मोकळं सोडलंय. तिथे दुसऱ्याचं चित्र चिकटवणार नाही. आठवून आठवून, वाकडंतिकडं का होईना, आम्हीच काढणार. अजून काढलेलं नाही.