बर्फातल्या दोन बाटल्या

चावीवाल्याने सीमेपलीकडून बर्फाच्या डब्यात घालून माणसाची किडनी आणली, अशी कुजबुज प्रथम न्हाव्याच्या दुकानात झाली. दूधवालीला हे काही पटेना. एवढ्याशा डब्यात किडनी मावेल हो, ती म्हणाली, पण असलं धाडस त्या माणसाच्या छातीत कुठे मावतंय? सोनं असणार. शिंप्याकडे तर साक्षीदारच होता. त्याचा मेहुणा त्याच बसमध्ये होता आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं : नाक्यावर चावीवाल्याला आतल्या खोलीत नेलं, तेव्हा डब्यात लाखेने बंद केलेल्या दोन बाटल्या होत्या. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा एकच. दुसरी साहेबाच्या घरी गेली, हे ओळखायला काय ज्योतिषी लागतो?

चावीवाला म्हणजे नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. कमरेइतकी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी आत घालून आटे मोजत फिरवायचा. तिसऱ्या गल्लीला सोळा आटे, शाळेमागे उतार म्हणून नऊच. हा हिशेब कुठल्याही कागदावर नव्हता, फक्त त्याच्या टाळक्यात होता. एकदा तो तापाने झोपला आणि बदलीच्या माणसाने सोळा-नवाची अदलाबदल केली, तर शाळेमागे ओटे धुऊन निघाले आणि तिसऱ्या गल्लीतल्या बायका नगराध्यक्षांच्या दारात रिकामे हंडे वाजवत बसल्या. ते ऐकून तो तापातसुद्धा हसला. आपल्यावाचून गाव अडतं, यासारखं औषध नाही.

पण या सुखात एक खडा होता, आणि त्याचं नाव साडू.

बायकोची धाकटी बहीण नदीपलीकडच्या देशात दिलेली. तिचा नवराही पाणीखात्यातच, आणि दोघे नोकरीला लागले तेही एकाच वर्षी. देशही दोन्ही जवळपास एकाच वयाचे, जन्मले तेव्हा दोघांच्याही खिशाला भोकं. पुढे पलीकडच्यांनी काय केलं कोण जाणे, त्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आलं. इकडे पंचवीस वर्षांत पाच सरकारं आली, प्रत्येकाने जलकुंभाच्या पायाचा दगड बसवला, आणि त्या पाच दगडांवर बसून चावीवाला दुपारचा डबा खायचा. पाणी दिवसाआड, दोन तास.

मेहुणीचा फोन आला की बायको ऐकून झाल्यावर उगाच नळाकडे बघायची. ते बघणं चावीवाल्याला शिव्यांहून झोंबायचं. "दुरून डोंगर साजरे," तो म्हणायचा, आणि रात्रभर कूस बदलायचा.

आणि अशात मुलीला साडूच्याच गावातल्या रुग्णालयाचं नोकरीचं पत्र आलं. मुलगी परिचारिका, एकुलती एक. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. मावशीकडे राहीन म्हणाली. बायकोचे डोळे भरले, पण चेहरा खुलला. चावीवाल्याने मात्र मनात हिशेब मांडला. साडूने पाणी घेतलं, रस्ते घेतले, आता लेकही घेतो की काय.

त्याने फासा टाकला. त्या पाण्यात काहीतरी आहे, तो म्हणाला. तुझ्या मावशीला दोन वर्षांपूर्वी कावीळ उगाच झाली का? चोवीस तास पाणी देणारे ते शुद्ध कधी करणार? मुलगी बापाला पुरती ओळखून होती. "सिद्ध करा, बाबा," ती म्हणाली. "पाणी खराब निघालं तर मी नाही जात. शब्द देते."

चावीवाल्याने खात्यातून नमुन्याच्या दोन बाटल्या घेतल्या. नमुना जोडीनेच घ्यायचा, हा नियम. लाख घेतली, बर्फाचा डबा घेतला आणि रविवारी बस धरली.

साडूच्या गावात चार दिवस काढायचे ठरवून गेलेला माणूस दोन दिवसांत थकला. खोड सापडेना. रस्त्यात झाकणं होती, पण रुतलेली नाहीत. साडूच्या कचेरीत भिंतीवर नकाशा, प्रत्येक गल्लीचे आटे छापलेले; साडू आजारी पडला तरी कुणाच्या ओट्याला कळत नसे. चावीवाल्याला त्याची आधी कीव आली, मग अंगाचा तिळपापड झाला. पंपघर बघायला चल म्हणाला, तर साडू म्हणाला, परवानगीचा अर्ज करावा लागेल, पंधरा दिवस. इथे चावीवाल्याच्या जिवाला जरा थंडावा मिळाला. आमच्या पंपघरात तर शेळ्यासुद्धा जातात, तो अभिमानाने म्हणाला.

संध्याकाळी दोघे रुंद, गुळगुळीत रस्त्याने फिरत होते. आमच्याकडे असा रस्ता अकरा वर्षं अडलाय, चावीवाल्याने सांगितलं, एका म्हातारीची कोर्टात केस आहे, घर सोडत नाही. हा किती दिवसांत झाला? साडू म्हणाला, दोन महिने. आणि इथली घरं? नोटीस आली, तीन दिवसांची. कुणी बोललं नाही? साडूने मागे वळून पाहिलं आणि हवेचा विषय काढला.

घरी आल्यावर चावीवाल्याचा फोन वाजला. तिसऱ्या गल्लीतली एक आजी होती. तू तिकडे मजा मारतोयस, इथे नळाची धार दोऱ्याहून बारीक; परत आलास की तुझी चावी तुझ्याच डोक्यात घालते, असं बरंच काही ती बोलली. साडूला शेजारी बसून शब्दन् शब्द ऐकू आला. तो हसेल म्हणून चावीवाल्याने मान खाली घातली. पण साडू हसला नाही.

"तुला लोक तोंडावर बोलतात?" त्याने विचारलं.

"रोज."

"मला वीस वर्षांत कुणी नावानेसुद्धा हाक मारली नाही रे. तक्रार क्रमांक येतो, मी जातो, नीट करतो." मग म्हणाला, "भाग्यवान आहेस लेका."

साडूच्याही पोटात दुखतं, हे कळल्यावर चावीवाल्याला खरं तर पेढे वाटावेसे वाटले. पण बाटल्या अजून रिकाम्याच होत्या. पहाटे उठला, नळ तीन मिनिटं वाहू दिला, नियमाप्रमाणे दोन बाटल्या भरल्या, लाख लावली. मेहुणी दारात उभी राहून बघत होती. "भावजी, कावीळ मला प्रवासात झाली होती," ती म्हणाली, "तुमच्याकडे आले होते तेव्हा." त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

परतताना सीमेच्या नाक्यावर पलीकडच्या अधिकाऱ्याने डबा उघडायला लावला. पाणी आहे, चावीवाल्याने सांगितलं. लाख कशाला? नमुना आहे. इथे त्याने आपल्याकडच्या सवयीने चूक केली. "साहेब, बघा ना काहीतरी," म्हणून हसला. पलीकडच्या देशात या हसण्याचा अर्थ लाच. लगेच आतली खोली, अकरा रकान्यांचा अर्ज, दोन शिपाई. अधिकारी आवाज न चढवता म्हणाला, पाणी असेल तर प्या. चावीवाल्याने एका बाटलीची लाख फोडली आणि प्यायला. थंडगार, गोड पाणी. घोटाघोटाला जीव जळत होता, तरी शेवटचा थेंबही त्याने सोडला नाही.

उरलेली बाटली घेऊन तो तडक नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत गेला. आपल्याकडे निकालाला वीस दिवस आणि सहा सह्या लागतात. पण तिथल्या बाईंच्या गल्लीचे आटे चावीवाल्याच्या डोक्यात, म्हणून दोन दिवसांत झालं. परक्या देशाचं पाणी इथे तपासत नाहीत, म्हणून नमुना कुठला, या रकान्यात त्याने तिसरी गल्ली लिहिलं होतं.

गुरुवारी बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "कुणाला बनवतोस?" त्या म्हणाल्या. "हे आपल्या गावचं पाणी नाही." मग म्हणाल्या, हवा तसा निकाल लिहायला कोरा कागद हवा असेल तर तिथे ड्रॉवरमध्ये गठ्ठा आहे, शिक्काही आहे, मी चहाला चाललेय. या देशात काय, माणूस माणसाला सांभाळून घेतो.

त्या चहा घेऊन आल्या तेव्हा चावीवाला गेला होता आणि गठ्ठ्याची दोरी सुटलेली नव्हती.

मुलगी पुढच्या महिन्यात गेली. वस्तीने त्याचाही संबंध लावला : सोन्याचे पैसे, दुसरं काय.

बाटल्यांत साडूच्या नळाचं पाणी होतं. एक चावीवाला नाक्यावर प्यायला, दुसरी तपासली. पाणी स्वच्छ होतं, आणि ते त्याने त्या गुरुवारीच संध्याकाळी मुलीला सांगितलं.