अक्काच्या हाकेतले सूर

दाजी गेल्याचा निरोप परभणीहून आला तेव्हा मी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हातातली शेंग तशीच राहिली. रडू आलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. आता महिना होत आला. कुणी त्यांच्याबद्दल विचारलं की मला अक्कापासून सुरुवात करावी लागते, कारण त्या माणसाचं सगळं आयुष्य तिथंच अडकलेलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. निजामाच्या राज्यात हैदराबादेला शिकलेले, परभणीच्या शाळेत उर्दूतून गणित शिकवायचे. सुट्टीत अक्काला घेऊन आमच्याकडे पेडगावला आले की त्यांची काहीतरी खटपट चालूच असायची. "लोक वेड पांघरून पेडगावला जातात म्हणे, आमच्या दाजींना पांघरायची गरजच न्हाई," असं मी तोंडावर म्हणायची, आणि ते मनापासून हसायचे. एकदा त्यांनी पत्र्याच्या नरसाळ्यावर पातळ कातडं ताणलं, त्याला घोड्याच्या शेपटीचा केस चिकटवला, आणि चिमणीवर काळी केलेली एक काच माझ्या हातात दिली. अक्कानं नरसाळ्यात बोलायचं, त्याच क्षणी मी काच केसाखालून सर्रकन ओढायची. "काय बोलू?" म्हणत अक्का लाजली. "घरात शिरताना वरडतीस तेच," मी म्हणाले. तिनं "माऽय" अशी हाक मारली आणि काजळीत बारीक लाटांची रेघ उमटली. माय चुलीपासून ओरडली, "काय झालं गं?" आम्ही पोट धरधरून हसलो.

त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली. अक्का सकाळी पाणी भरत होती, दिवस मावळायला ती नव्हती.

अक्काचे दिवस झाले तरी दाजी पेडगाव सोडेनात. तिच्या हाकेची ती काच खिडकीशी धरून भिंगातून लाटांची उंची मोजायची, कोष्टकातल्या आकड्यांनी गुणायची, बेरजा करायच्या. शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळे आकडेही उर्दूत पुटपुटायचे. भर दुपारी ते ऐकून शेजारणी म्हणायच्या, जावई मंतर टाकायलाय. शेवटी मायनंच विचारलं, "काय करायलाव जावईबापू?"

"मामी, येसराचं पीठ जिभेला लावलं की तुमी सांगता ना, गहू किती पडले, हरभरा किती? तसंच हाय. एका आवाजात लय साधे सूर मिसळलेले असतात. कोणता सूर किती, ते काढायलोय."

माय म्हणाली, "मापं कळली की येसर पुन्हा करता येतो. हिला करताल का?"

दाजींनी काच पुन्हा खिडकीशी धरली.

दुसऱ्या दिवशी मायनं ती काच मांडीवर घेतली. लेकीच्या गालावरून फिरवावा तसा रेघेवरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. आलाबला घेतली हो तिनं, दुसरं काय! लेक समोर आली की तिचे हात आपसूक तसेच जायचे. कानशिलं काळी झाली आणि काच साफ. मी किंचाळले. दाजी उठून आले. जावयानं सासूला हात लावायचा नसतो, पण त्यांनी आपल्या उपरण्यानं तिची कानशिलं पुसली. म्हणाले, "असू द्या मामी. माझं मोजून झालंय."

मोजून खरंच झालं होतं. पण आकड्यांतून हाक कोण काढणार? ते मायला एवढंच सांगू शकले, की आपल्या विहिरीवरचं मोटेचं चाक कुरकुरतं, त्यात अक्काचा एक सूर हाय. झालं! त्या दिवसापासून मायनं चाकाला वंगण लावू दिलं नाही. "बैलांच्या जिवावर उठलीस का?" म्हणून आमच्या वडलांनी, आबांनी आरडाओरडा केला, शेजारपाजारचे वैतागले, माय मात्र मोट चालू झाली की बैलांच्या धावेच्या कडेला जाऊन बसायची. पुढं रझाकारांच्या धामधुमीत आम्हाला गाव सोडावं लागलं. परत आलो तर चाक फुटलेलं. आबांनी नवं बसवलं. ते वेगळंच बोलायचं. माय पुन्हा विहिरीकडे फिरकली नाही.

दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. कुठंही चालता चालता थांबायचे... जिनिंगचा भोंगा, गंगाखेडच्या घाटावरची घंटा, कुणाच्या तरी पाळण्याची कडी. मान कलती करून ऐकायचे आणि पुन्हा चालू लागायचे. लोकांना वाटायचं, मास्तर कामातून गेले. म्हातारपणी एकदा मी चिडून विचारलं, "दाजी, खरं सांगा. त्या चाकात होती का अक्का, का नुसती मायची समजूत काढलीत?"

"होती की. तो सूर लय ठिकाणी हाय गं. तिचा एकेक सूर मला रोज ऐकू येतो. पण तिच्या मापानं सगळे एकदम... आजवर न्हाई आले."

"आणि आले तर?"

"मी वळखीन की."

जन्मभर हा माणूस त्यासाठी कान देऊन जगला. आणि आता मला भीती वाटते, उघडच सांगते. माय गेली, आबा गेले, दाजी गेले. उद्या कुठल्या दाराच्या बिजागरीत, कुण्या परक्या पोरीच्या हाकेत ते सगळे सूर त्याच मापानं जुळून आले, तर ओळखायला मी एकटीच उरले आहे... आणि मला अक्काचा आवाज आठवत नाही.