पुढची रांग आणि पाठीमागची नात

नातीला वाजवताना एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच माझं मागणं होतं. व्हिसा संपत आला होता, दोन दिवसांनी विमान. तोवर दुबईशेजारच्या रोल्ला भागातल्या लेकीच्या फ्लॅटमध्ये मी नातीचा ट्रॉम्बोन ऐकला तो बंद दारातूनच. पितळेचं लांबलचक वाद्य, नळी पुढेमागे सरकवत फुंकायचं. दार जरा उघडलं की बाईसाहेब थांबल्याच. "आजी, डोन्ट लुक! आय गेट नर्व्हस!"

कार्यक्रम दुबईत. नुसते ट्रॉम्बोन, आणि संगीत म्हणे चारशे वर्षांपूर्वीचं, इटलीतल्या चर्चमधलं. मी लेकीच्या मागे लागले, लवकर निघ गं, पुढे जागा मिळाली नाही तर काय लोकांची डोकी बघू? पोचलो तेव्हा झाडलोट चालली होती. पहिल्या रांगेत मधोमध लेकीची ओढणी, माझी पर्स, पाण्याची बाटली टाकून मी जागा धरली.

"आई, अख्खा हॉल रिकामा आहे," जावई म्हणाले.

"असू दे. भरतो नंतर."

दिवे मंदावले. स्टेजवर मंडळी आली, त्यात नात नाही. वाजवू लागले. काय तो आवाज, भरदार, अंगावर शाल घातल्यासारखा! ते थांबले, आणि उत्तर आलं ते पाठीमागून, वरून. वळून बघते तर मागच्या बाल्कनीत दुसरा गट, आणि लेक म्हणते, आपली पोर तिथेच आहे! त्या काळी असेच दोन गट समोरासमोर उभे करत म्हणे, एकाने वाजवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. अगं, मग आधी सांगायचं नाही का? आमच्या कोकणातल्या भजनाच्या डबलबारीत सामना करणारे दोन्ही बुवा डोळ्यांसमोर असतात!

मान मोडेस्तोवर वळले. कठड्यावर नुसत्या पितळी नळ्या पुढेमागे होत होत्या. उठायला गेले तर लेकीने पदर धरला. "आई, बस! मध्ये उठायचं नसतं इथे." आणि मधल्या त्या सगळ्या रिकाम्या रांगा! तिथून पोर जवळून तरी दिसली असती. माझा नुसता जळफळाट.

बाहेर येऊन नातीने विचारलं, "आजी, डिड यू सी मी?"

"तुझी नळी पाहिली."

"अँड आय सॉ युअर अंबाडा!"

हसली मेली. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, "दार उघड. माझ्यासमोर वाजव. उद्या मी जाते."

कधी नव्हे ते तिने ऐकलं. गाल फुगले, भुवया चढल्या, आणि मध्येच थांबली.

"थांबलीस का गं?"

"आता समोरचे वाजवतात ना, आजी."

समोरचे! तेवढेच तर मी नीट पाहिले होते. आठवेल तसं गुणगुणले.

"आजी, दॅट्स सो राँग!"

"राँग तर राँग. तू पुढचं वाजव."

तिने नळी ओठांना लावली. माझी अर्धी भरलेली बॅग तशीच उघडी पडली होती.

"यल्ला आजी, चल ना, अगेन."