मेलबर्नहून नागपूर
बर्फाला लावलेल्या ओल्या भुशाचा वास आला, की बाबा गेले तो वैशाखातला दिवस आठवतो. धरमपेठेतल्या आमच्या घरी त्यांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं आणि मेलबर्नहून निघालेल्या धाकट्या बहिणीची आम्ही वाट पाहत होतो. आई सारखी विचारायची, "पोरगी कुठवर आली गा?" मी मोबाइलवर समुद्रावरचं इवलंसं विमान दाखवायचो. दुपारी बहिणीचा दिल्लीहून फोन आला. पुढचं विमान चुकलं होतं, आता रात्रीशिवाय ती पोहोचणार नव्हती. बर्फ भराभर वितळत होता. आईनं बाबांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उचला आता. अजून किती वाट पाहायले लावू त्याईले?" बहीण आली तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. ती अजूनही आईशी मोकळेपणी बोलत नाही, आणि मला दोघींचंही खरं वाटतं.